बालवाडीच्या ओट्यावरून : एक परात, पाच मुलं



गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं. शाळा सुरू होऊन काही महिने झाले की ज्युनिअर के.जी.च्या आईबाबांकडून दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. यंदाही आलाय. "ताई, शेजारच्या शाळेतली मुलं शंभरपर्यंत आकडे लिहायला लागली. आमची रोज बाह्या भिजवून आणि हाताला कणीक लावून घरी येते. ती शिकते कधी?" दुसरा प्रश्न आपल्या मंडळाच्या रविवारच्या बालवर्गाबद्दल असतो. "आठवड्यातून एकच तास मराठीचा मिळतो. तोही खेळण्यात जातो. त्यापेक्षा बाराखडी का नाही घेत?"

दोन्ही प्रश्न काळजीपोटी आलेले आहेत, म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. बडोद्यात वाढलेल्या तुमच्या पिढीने स्वतः गुजराती, हिंदी आणि इंग्रजी सांभाळून मराठी टिकवलीय. पुढच्या पिढीचं काय होणार ही धाकधूक खरी आहे. पण दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या भिजलेल्या बाह्यांतच आहे, असं मला वाटतं. कसं ते या महिन्यात बघू. सोबत पाच खेळ देते. ते वर्गात, मंडळाच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीतल्या चार मुलांना जमवून घरीही घेता येतात.

गट म्हणजे काय?

वीस मुलं ओळीत बसलीत, प्रत्येकापुढे सफरचंदाचं छापील चित्र आणि लाल खडू. सगळी रंगवतायत. हा गट झाला का? नाही. ही वीस एकटी मुलं झाली. कुणालाच शेजाऱ्याची गरज नाही. उलट शेजारी बोलला तर बाई "शूऽऽ" करणार.

आता पाच मुलांच्या मध्ये पाण्याने भरलेली एक परात ठेवा. वस्तूंची एकच टोपली द्या. एकाने वस्तू काढायची, बाकीच्यांनी सांगायचं बुडेल की तरंगेल, आणि मग एकाने ती पाण्यात सोडायची. आता बोलल्याशिवाय चालणारच नाही. "माझी पाळी." "थांब, मला बघू दे." "बुडणार!" "नाही बुडणार!" याला मी गट म्हणते. जे काम एकट्याने पुरं होत नाही, ते गटाचं काम. लहान मुलांसाठी खेळ निवडताना ही एक कसोटी लावली तरी पुष्कळ झालं.

वयाचं भान मात्र हवं. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1932 साली मुलांच्या खेळण्याचे प्रकार मांडले होते. मूल आधी एकटं खेळतं, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापलं खेळतं, पुढे थोडी देवाणघेवाण करतं, आणि खरंखुरं मिळून खेळणं त्यानंतर येतं. अडीच-तीन वर्षांचं मूल शेजारच्याकडे न बघता आपलंच भांडं भरत बसलं, तर त्यात काळजीचं काही नाही. ते शेजारी बसलंय हीच त्याची गटातली हजेरी. चार वर्षांच्या आसपास "तू धर, मी ओततो" सुरू होतं. म्हणून तीन वर्षांच्या मुलांना परात एक पण भांडी प्रत्येकाला वेगळी द्यावीत, आणि साडेचारच्या पुढच्यांना मुद्दाम दोघांत एक भांडं द्यावं.

हे आपल्याकडचंच आहे

'ॲक्टिव्हिटी' हा शब्द इंग्रजी शाळांबरोबर आला, म्हणून ही कल्पनाही तिकडूनच आली असं पुष्कळांना वाटतं. थोडं खरं आहे. 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' हे नाव फ्रोबेल यांनी जर्मनीत 1840 साली दिलं, आणि माँटेसरीबाईंची पहिली शाळा 1907 साली रोममध्ये निघाली. पण ती कल्पना आपल्या मातीत रुजवण्याचं काम गुजराती आणि मराठी माणसांनी मिळून केलंय. गुजरातेत राहणाऱ्या मराठी घरांना तर हे ठाऊक असायलाच हवं.

गिजुभाई बधेका पेशाने वकील. त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली बालमंदिर सुरू केलं. मुलांवर इतका जीव की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. 1923 साली त्यांना येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. दोघांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 साली ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं. तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हेच त्यांचं साहित्य झालं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीवर, अंगणात गेली. तीच अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदांवर जो शब्द आहे, तो असा मराठी अंगणातून निघालाय.

अलीकडे सरकारी धोरणही याच वाटेवर आलंय. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षं 'पायाभूत टप्पा' म्हणून एकत्र धरली. त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडा 2022 साली आला, आणि त्यातही खेळातून, वस्तू हाताळत आणि शक्यतो घरच्या भाषेत शिकण्यावर भर आहे. त्यामुळे भिजलेल्या बाह्या म्हणजे बाईंचा आळस नव्हे.

आता खेळांकडे वळू.

पहिला खेळ : बुडतं की तरंगतं?

मुलं पाच, वय तीन ते सहा. एक मोठी परात किंवा घमेलं, अर्ध्याच्या वर पाणी. टोपलीत लिंबू, बटाटा, चमचा, बाटलीचं झाकण, पान, खडा, आगकाडीची रिकामी पेटी, आणि दोन संत्री. खाली जुनी चादर अंथरा.

खेळाचा जीव आहे 'आधी सांगायचं, मग टाकायचं' या नियमात. बुडेल म्हणणाऱ्यांनी हात खाली करायचा, तरंगेल म्हणणाऱ्यांनी वर. अंदाज चुकला तर कुणी हसायचं नाही, आणि तुम्ही "बरोबर", "चूक" असं काही म्हणायचं नाही. निकाल पाणी देतं. मोठ्या माणसाकडे न बघता वस्तूकडे बघून निकाल ठरवायची सवय या वयात लागली, तर विज्ञानाचा श्रीगणेशा झालाच समजा.

संत्री शेवटी काढा. एक सालासकट सोडा, ते तरंगतं. दुसरं मुलांकडूनच सोलून घ्या आणि सोडा. बहुतेक वेळा ते तळाला जातं. साल काढून हलकं झालेलं संत्रं बुडलं कसं? सालीत हवा असते, हे लगेच सांगून टाकू नका. मुलांना बोलू द्या. एका मुलाने मला सांगितलं होतं, "त्याचं जॅकेट काढलं ना, म्हणून." पोहायला जाताना घालतात त्या जॅकेटची आठवण त्याला आली होती. याहून चांगलं उत्तर मी तरी देऊ शकले नसते.

पाच वर्षांच्या मुलांसाठी पुढची पायरी अशी. पेल्यात पाणी घ्या, त्यात बटाट्याचा तुकडा सोडा. तो तळाला जाईल. आता एकेकाने एकेक चमचा मीठ घालायचं, दुसऱ्याने ढवळायचं, तिसऱ्याने मोजायचं. काही चमच्यांनंतर तुकडा वर येतो. किती चमचे लागले ते मुलंच सांगतील. मोजणीला असं कारण मिळालं की आकडे पाठ करून घ्यावे लागत नाहीत.

एक सक्त सूचना. पाणी कितीही थोडं असो, मोठ्या माणसाने तिथून उठायचं नाही. बादली, टब, परात, सगळं खेळ संपताक्षणी रिकामं करायचं.

दुसरा खेळ : मिळून कणीक

मुलं चार, आणि प्रत्येकाकडे एकच वस्तू. एकाकडे दोन वाट्या पीठ, दुसऱ्याकडे एक वाटी मीठ, तिसऱ्याकडे साधारण एक वाटी पाणी, आणि चौथ्याच्या पुढ्यात रिकामी परात. आता गोळा करायचा. कुणाही एकाने अडवून धरलं तर गोळा होणार नाही. पाणी एकदम ओतलं तर चिखल, अजिबात ओतलं नाही तर नुसतं पीठ. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पाणीवाल्याकडे.

इतकं मीठ घातलेला गोळा फक्त खेळायचा, खायचा नाही, हे आधीच बजावा. जे मूल हमखास तोंडात घालतं, त्याच्या गटाला मीठ न घालता साधी कणीक मळू द्या. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल गटात असेल तर तांदळाचं पीठ घ्या. मिठाच्या कणकेचे दिवे, साप, मोदक करून सावलीत वाळवले की टणक होतात, आणि मग रंगवता येतात.

लिहिण्याची घाई झालेल्या पालकांनी इथे मुलांच्या बोटांकडे बघावं. मळताना तळहात आणि मनगट चालतं, वळताना बोटांची पेरं, आणि मोदकाच्या कळ्या काढताना अंगठा व दोन बोटं. पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. ती तयार नसताना रेघोट्यांच्या चार वह्या भरून घेतल्या, तर अक्षर सुधारत नाही, फक्त हात दुखतो आणि वहीचा राग येतो.

याच खेळातला एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. घरी मराठी, आजूबाजूला गुजराती, शाळेत इंग्रजी. जून ते दिवाळी, ती वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी मात्र बडबड करायची. आम्ही तिला प्रश्न विचारणं बंद केलं, कारण प्रश्न आला की ती आणखी मिटायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर कणकेच्या गटात तिच्याकडे परात होती. पाणीवाल्या मुलाने वाटी उपडी करायला घेतली आणि ती ओरडली, "अरे, हळू! सगळं नको!" तिन्ही मुलं तिच्याकडे बघायला लागली. मुलाने वाटी सरळ केली. मग ती म्हणाली, "आता थोडं." आम्ही कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, "बोलली, बोलली" केलं नाही. त्या दिवसापासून ती एकदम बोलकी झाली असंही नाही. पण तिच्या शब्दाने एक वाटी थांबली होती, आणि ते तिने पाहिलं होतं.

कुणाला दाखवायला नव्हे, तर काहीतरी घडवायला मुलाला भाषा लागते. "सांग बघू, ए फॉर?" याचं उत्तर बाईंना आधीच माहीत असतं, हे मुलालाही कळतं. "हळू ओत" हे मात्र खरंच म्हणावं लागतं.

तिसरा खेळ : हँगरचा तराजू

मुलं पाच ते सहा, वय चारच्या पुढे. कपड्यांच्या हँगरच्या दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या सुतळीने दोन सारखे डबे बांधा. नारळाच्या करवंट्या मिळाल्या तर उत्तम. हँगर दाराच्या कडीला किंवा आडव्या काठीला असा अडकवा की डबे मोकळे झुलतील आणि मुलांच्या छातीइतक्या उंचीवर येतील.

दोघं दुकानदार, बाकीची गिऱ्हाईकं. भाजी खरी आणा. रविवारी सकाळी खंडेराव मार्केटला जाताना मुलाला बरोबर न्या आणि चार वस्तू त्यालाच निवडू द्या. त्या भाजीवर मग वेगळाच हक्क असतो. वजनाची मापं नकोत. "एका बटाट्याला किती लिंबं?" हा आजचा भाव. आधी अंदाज, मग तोलणं. पारडं कुठे झुकलं, जड कोणतं, हलकं कोणतं, सारखं केव्हा झालं, हे डोळ्यांना दिसतं. "मोठं म्हणजे जड" हा मुलांचा पक्का समज असतो. एका पारड्यात फुगवलेला फुगा आणि दुसऱ्यात लिंबू ठेवा, आणि त्यांचे चेहरे बघा.

या खेळात भाषा किती मिसळते ते ऐकण्यासारखं असतं. "बे बटाटा द्या", "हे शाक केवढ्याला?", "मॅडम, चेंज नाहीये". बडोद्यातलं मूल भाजीला शाक आणि पिठाला लोट म्हणणारच. इथे "शाक नाही, भाजी म्हण" असं टोकलं की खेळ थांबतो, आणि मूल पुढच्या वेळी कमी बोलतं. त्याऐवजी तुम्ही गिऱ्हाईक व्हा आणि आपल्या वाक्यात आपला शब्द पेरा: "मला पण भाजी हवी. ही पालेभाजी ताजी आहे का हो?" दोन-तीन रविवारांत 'भाजी' त्याच्या तोंडी बसते, आणि 'शाक'ही जात नाही. जायचं कारणही नाही. ते त्याच्या गावाची भाषा आहे.

राजमा, चिंचोके, वाटाणे अशा बारीक वस्तू तराजूत घालायचा मोह होतो. तीन वर्षांखालच्या मुलांपुढे त्या अजिबात नकोत, आणि मोठ्यांपुढेही नजरेसमोरच. कोरडा दाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो आणि काढणं अवघड होतं. खेळ संपल्यावर दाणे उचलणं हाही खेळाचाच भाग करा.

चौथा खेळ : साडी आणि चेंडू

पावसाळी दिवसाला किंवा मुलं फार चेकाळलेली असताना हा उत्तम. आठ मुलं, एक जुनी सुती साडी दुहेरी घडी करून, एक हलका चेंडू. मुलांनी चारी बाजूंनी काठ धरायचा. साडी ताणली की मध्ये चेंडू. "वर", "खाली", "हळू", "जोरात", "थांब". आधी सूचना तुम्ही द्या, मग पाळीपाळीने मुलांना देऊ द्या. सगळ्यात बुजरं मूल तिसरं-चौथं ठेवा, पहिलं नको आणि शेवटचंही नको.

मग आव्हान वाढवा. चेंडू काठाकाठाने गोल फिरवायचा, खाली न पाडता. किंवा एकाचं नाव घेऊन चेंडू त्याच्याकडेच घरंगळवायचा. सुरुवातीला जो तो आपली बाजू वर ओढतो आणि चेंडू दुसऱ्या टोकाने पळतो. पाच-सात वेळा पडल्यावर कुणीतरी म्हणतं, "तू खाली कर, मी वर करतो." ते वाक्य येईपर्यंत धीर धरणं, एवढंच आपलं काम. चेंडू पडल्यावर "कोणी पाडला?" असं कधीही विचारू नका. "आता काय करू या?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाने मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात, दुसऱ्याने साडीकडे बघतात.

पाचवा खेळ : खिरापत ओळखा

हा खेळ नवीन नाही. आपल्या आज्यांनी तो केव्हाच तयार करून ठेवलाय. आश्विनात भोंडला, हादगा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. बडोद्यात त्याच दिवसांत गरबाही असतो. एकात मध्ये हत्ती, दुसऱ्यात दिवा ठेवलेला घट, पण भोवतीचा फेर तोच. आपली मुलं दोन्ही फेरांत नाचतात, हे त्यांचं भाग्य.

बालवर्गासाठी खिरापतीचा नियम थोडा बदला. एकदम नाव घ्यायचं नाही, आधी प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. गोड की तिखट? कोरडी की ओली? चावावी लागते का? आई तळते की भाजते? डबा हातोहात फिरवा, हलवून आवाज ऐका, झाकण किलकिलं करून वास घ्या. तीन वर्षांच्या मुलाला वास पुरतो, पाच वर्षांचं मूल आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न बांधतं. "गोड आहे, आवाज येतो... मग लाडू नाही. चिक्की?" असा विचार म्हणजे तर्कशास्त्र. पण तसं मुलांना सांगायचं कारण नाही. फक्त खिरापतीत शेंगदाणा, काजू असेल तर कुणाला चालत नाही हे आईबाबांना आधी विचारून घ्या.

पूर्वी काही घरांत पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी असे. ती घरच्या बायकांची दमछाक आज नको. पण हत्तीच्या पाटाशी रोज एक झेंडूचं फूल वाढवत न्या: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. नवव्या दिवशी फुलांच्या ओळींची पायरी दिसते. 'एक अधिक' म्हणजे काय ते मूल बोट ठेवून दाखवू शकतं.

मोठ्यांसाठी पाच गोष्टी

खेळ घेणाऱ्यांनी, मग ती शिक्षिका असो, आई, बाबा किंवा आजोबा, इतकं लक्षात ठेवावं.

गट लहान ठेवा. चार-पाच मुलं, साडीच्या खेळाला आठ. पंधरा मुलं असतील तर तीन कोपऱ्यांत तीन खेळ लावा आणि गट फिरवा. एका खेळाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रंगलाय म्हणून ताणू नका. थोडा राहिला तर पुढच्या रविवारी मुलं धावत येतात.

साहित्य मोजकंच द्या. सगळ्यांना सगळं दिलं की गट मोडतो. थोडी टंचाई मुद्दाम ठेवायची असते, म्हणजे मागावं लागतं, द्यावं लागतं, थांबावं लागतं.

भांडण झालं की लगेच न्यायनिवाडा करू नका. मारामारी अर्थातच थांबवा, पण "परात एक आहे आणि दोघांना हवी आहे. काय करू या?" इतकंच म्हणून गप्प बसा. मुलांचे तोडगे कधी कधी अजब असतात. "आधी तो दहा मोजेल, मग मी." आपल्याला अन्याय वाटला तरी त्यांना मान्य असेल तर चालू द्या.

आवरणं खेळातच धरा. पाणी झाडांना, साडीची घडी दोघांनी मिळून, फरशी पुसायला प्रत्येकाला एक फडकं. साडीची घडी घालणं हा तर आणखी एक गटखेळ आहे.

आणि हातातला मोबाइल खाली ठेवा. फोटो एक काढा, शेवटी. कॅमेऱ्याकडे बघणारं मूल परातीकडे बघत नाही.

मग बाराखडीचं काय?

बाराखडी यायला हवी, येईलही. पण तिची वेळ थोडी पुढे आहे. लिपी शिकायला आधी तोंडात भाषा हवी. ज्या मुलाने 'हळू', 'थांब', 'सांडलं', 'जड', 'तुझी पाळी' हे शब्द शंभर वेळा वापरलेत, त्याला पुढे 'ह' आणि 'थ' शिकवणं सोपं जातं, कारण ती अक्षरं कशाला लागतात हे त्याला माहीत असतं. ज्याने मराठी फक्त तक्त्यावर पाहिली, त्याच्यासाठी ती शाळेतल्या विषयांत आणखी एका विषयाची भर ठरते. आणि विषय आठवी-नववीला सोडून देता येतो, हे आपण आपल्याच घरांत पाहिलंय.

मराठी घरात फक्त मोठ्यांची भाषा राहिली की तिचं आयुष्य कमी होतं. "जेवलास का?", "अभ्यास कर", "आजीला नमस्कार कर" एवढ्यातच ती अडकते. मुलाने मुलाशी मराठीत भांडावं, सौदा करावा, हसावं, यासाठी त्याच्या वयाची दुसरी मराठी मुलं आणि मध्ये एक परात लागते. रविवारचा तो एक तास यासाठी आहे. घरी आई-बाबा दोघं मिळूनही ही एक गोष्ट देऊ शकत नाहीत.

तेव्हा मूल घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" विचारू नका. "काही नाही" हेच उत्तर मिळेल. "आज काय बुडलं?" "कणकेला पाणी कोणी घातलं?" "कोण भांडलं?" असं विचारा, आणि मग स्वयंपाक गॅसवर बारीक करून थोडा वेळ बसा. वहीत काही उतरलेलं नसेल. पण सांगताना ते आधी काय झालं, मग काय झालं, कोण काय म्हणालं हे ओळीने लावतं. तो त्याचा पहिला निबंध.

नवरात्रातल्या रविवारी बालवर्गाचा भोंडला आहे. प्रत्येक घराने एक झाकलेला डबा आणायचा आहे. आत काय आहे ते मुलांनाही सांगू नका. आणि शक्य झालं तर सोसायटीतल्या एका गुजराती मैत्रिणीला किंवा मित्राला बरोबर आणा. प्रश्न विचारून खिरापत ओळखायला कुठलीही भाषा चालते, आणि आपल्या मुलांना तेव्हा दुभाषी व्हावं लागेल. तो सहावा खेळ समजा.

पुढच्या महिन्यात दिवाळीचा किल्ला. पाच-सहा वर्षांच्या मुलांना तो मोठ्यांनी बांधून न देता स्वतः कसा बांधू द्यायचा, त्यावर बोलू. तोवर कपाटातली एक जुनी सुती साडी बाजूला काढून ठेवा.